परदेशातून येणारी झाडं, कलमं आणि लाकूड : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातले द्राक्ष-डाळिंब बागायतदार, रोपवाटिकाधारक, वायनरीत काम करणारे आणि फार्महाऊससाठी मोठी झाडं घेणारे यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढे अडचणीचे येतात. तेच उत्तर दोनदा वाचायला लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आयातीच्या नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या झाडाची आणि त्या देशाची नोंद ताजी पाहून घ्या.

१. परदेशातून आणलेली कलमाची काडी तर स्वच्छ दिसते. मग एवढी तपासणी कशाला?

स्वच्छ दिसणारी काडीच जास्त धोक्याची असते. सुप्तावस्थेतल्या काडीला पान नसतं, आणि विषाणू किंवा जिवाणू असला तरी तो पानाशिवाय दिसत नाही. खवले कीड सालीला चिकटून सालीसारखीच दिसते, सूत्रकृमी मुळात असतात, खोडकिड्याची अळी लाकडाच्या आत असते.

असं काय काय घडलंय याची यादी मोठी आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून द्राक्षाच्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाचा मुळावरचा मावा गेला आणि युरोपातल्या बागा वाळत गेल्या. अमेरिकी खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करण्याची पद्धत तिथे त्या संकटातून रुजली. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटवर परदेशी करपा आढळला आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेतली चेस्टनटची जंगलं संपली. आपल्याकडे २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण आढळला, तो महाराष्ट्रातही पोचला. २०१० मध्ये त्याचा परजीवी कीटक बाहेरून आणून सोडावा लागला, तेव्हा कुठे तो आवरला. गाजरगवत तर सगळ्यांच्या बांधावर आहे. त्याची आपल्या देशातली ठळक नोंद पुण्यातली, १९५०च्या दशकातली.

आणि परदेशाचं सोडा. कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याच्या कसमादे पट्ट्यात तेल्या या जिवाणूजन्य रोगानं डाळिंबाच्या बागा काढायला लागल्या, त्यात रोगट बागेतून बांधलेल्या गुट्यांचा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून काढलेल्या कलमांचा, वाटा मोठा होता. गुटी बघताना कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

२. हे सगळं कोणत्या कायद्याखाली येतं आणि बघतं कोण?

मूळ कायदा १९१४ चा, विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम. त्याखाली काढलेला वनस्पती संगरोध (भारतातील आयातीचे विनियमन) आदेश, २००३ सध्या लागू आहे; संगरोध म्हणजेच क्वारंटाइन. तो १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. अंमलबजावणी केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाची. त्याचं मुख्यालय फरिदाबादला आहे आणि आपल्यासाठीचं प्रादेशिक केंद्र मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर रोडवर. संशोधनासाठी आणलेलं वाणसाहित्य मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत येतं. बागायतदारानं संशोधनाच्या नावाखाली काड्या मागवू नयेत. तो रस्ता लागवडीसाठी नाही.

३. कोणतंही झाड कोणत्याही देशातून आणता येतं का?

नाही. आदेशाला अनुसूची जोडलेल्या आहेत आणि सगळा निर्णय त्यावर होतो. अनुसूची ४ मध्ये ठरावीक देशांतून पूर्ण बंदी असलेली झाडं आहेत. ५ मध्ये फक्त अधिकृत संस्थेच्या शिफारशीनं येणारी. ६ मध्ये जादा घोषणा आणि खास अटी पाळून येणारी. ७ मध्ये खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी येणारा माल. तुमचं झाड, त्याचा देश आणि त्याचं रूप, म्हणजे काडी, मुळासकट रोप, टिश्यू कल्चर की बी, ही तिन्ही एका नोंदीत जुळली पाहिजेत. स्पेनहून चालतं ते चिलीहून चालेलच असं नाही, आणि बी चालतं म्हणून रोप चालत नाही. नोंदच नसेल तर आधी त्या देशातून त्या झाडाबरोबर काय येऊ शकतं याचं धोका विश्लेषण होतं. त्याला वेळ लागतो. हंगाम धरायचा असेल तर पुरवठादाराला आगाऊ रक्कम देण्याआधी ही नोंद तपासा.

४. परवाना काढायची नेमकी पद्धत काय?

क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचा घोळ क्रमातच होतो.

आधी अनुसूचीतली नोंद पाहा (प्रश्न ३). मग वाणावर कुणाचा हक्क आहे का ते पाहा. द्राक्षाच्या ‘आरा’सारख्या हक्क राखीव वाणांच्या बाबतीत परवानाधारकाशी करार झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. झाडाला आयातीनंतरचा क्वारंटाइन लागणार असेल तर त्याची जागा आधी तयार करून प्रमाणित करून घ्यावी लागते, कारण ते प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं असतं (प्रश्न ९). त्यानंतर संचालनालयाच्या पीक्यूएमएस या ऑनलाइन प्रणालीवर लागवडीच्या साहित्यासाठीचा अर्ज. खाण्याच्या मालाचा अर्ज वेगळा असतो. चुकून तो भरला तर त्या परवान्यावर रोपं सुटत नाहीत. बियाणं-रोपांच्या आयातीला व्यापार धोरणाखाली वेगळी मंजुरी लागते का, हेही याच टप्प्यावर कस्टम एजंटकडून लेखी घ्या.

परवाना हातात आल्यावर तो पुरवठादाराला पाठवा आणि त्याच्या देशातल्या अधिकाऱ्यांकडून फायटो, म्हणजे झाडं कीडरोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, परवान्यातल्या अटींप्रमाणेच निघेल याची खात्री करा. माल निघायचा तो यानंतर. परवाना दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही, त्यामुळे ‘मित्राच्या परवान्यात माझ्या दोनशे काड्या’ हा प्रकार बेकायदा आहे.

५. फायटोमध्ये काय बघायचं? चूक कुठे होते?

आपण युरोपला द्राक्षं पाठवताना जो फायटो काढतो, तोच कागद इथे उलट दिशेनं येतो. निर्यातदार मंडळींना त्यातल्या खाचाखोचा माहीत असतात, पण आयातीच्या वेळी मात्र सगळं पुरवठादारावर सोडलं जातं.

पहिली चूक शास्त्रीय नावात. द्राक्षाच्या खुंटांचंच घ्या. डॉगरिज म्हणजे व्हिटिस चॅम्पिनी. ११०आर हा बर्लॅन्डिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर. पुरवठादार सगळ्यांसाठी ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ लिहून मोकळा होतो, आणि परवान्यावर एक नाव, फायटोवर दुसरं, अशी पेटी मुंबईत अडकते. दुसरी चूक जादा घोषणेत. परवान्यात अमुक विषाणू, अमुक सूत्रकृमी यांपासून मुक्त असं नावानिशी मागितलेलं असतं आणि फायटोवर फक्त ‘कीडरोगमुक्त’ असं मोघम येतं. ते चालत नाही. शब्द परवान्यातले हवेत. तिसरी, प्रक्रियेचा रकाना रिकामा: औषध, मात्रा, तापमान, वेळ, तारीख हे सगळं भरलेलं लागतं. माल निघण्याआधी स्कॅन प्रत मागवा आणि परवान्याशेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहा. मूळ प्रत विमानात चढली की दुरुस्ती फार अवघड होते.

६. मुळाला थोडी माती असली तर?

चालत नाही. लागवडीच्या झाडांबरोबर माती, वाळू, चिकणमाती आणायला बंदी आहे. पेंढा किंवा गवत भरून पॅकिंग करायलाही. मुळं धुऊन उघडी आणायची, किंवा परवान्यात मान्य केलेल्या निर्जंतुक माध्यमात. पीट असेल तर त्याचा उल्लेख परवान्यात हवा. एक चमचा मातीत सूत्रकृमी, बुरशीचे बीजाणू, तणाचं बी, गोगलगायीची अंडी असं सगळं मावतं, आणि त्यातलं बरंचसं कुठल्याही फवारणीनं मरत नाही.

७. मुंबईत माल उतरल्यावर पुढे काय होतं?

कोणत्या विमानतळावर किंवा बंदरावर उतरवायचं ते परवान्यात ठरलेलं असतं. दुसरीकडे उतरवू नका. एजंट परवाना, मूळ फायटो, बिल ऑफ एंट्री, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि एअरवे बिल लावून तपासणीचा अर्ज करतो आणि शुल्क भरतो. अधिकारी कागद जुळवतात, मग पेट्या उघडून डोळ्यांनी आणि भिंगातून पाहणी होते. नमुने प्रयोगशाळेत जातात. बुरशीसाठी उबवण, सूत्रकृमीसाठी मुळं धुऊन गाळणं, विषाणूंसाठी एलायझा किंवा पीसीआर. त्यावरून माल सोडायचा, प्रक्रिया करून सोडायचा, परत पाठवायचा की नष्ट करायचा हे ठरतं.

तोवर रोपं जिवंत ठेवणं ही तुमची जबाबदारी. सुप्त काड्या शीतगृहात तग धरतात, पानं फुटलेली रोपं धरत नाहीत. पेटी शनिवारी रात्री उतरेल असं विमान घेऊ नका. सोडल्याचा आदेश हातात पडल्यावरच गाडी भरा आणि कसारा घाट चढून माल थेट प्रमाणित जागेतच उतरवा. वाटेत नर्सरीत ‘एक रात्र’ ठेवू नका.

८. मुंबईत पास झालं. मग पुन्हा बागेवर क्वारंटाइन कशाला?

कारण मुंबईतली तपासणी त्या दिवशी जे दिसतं ते पकडते. सुप्त काडीतला लीफरोल विषाणू त्या दिवशी दिसत नाही, काष्ठवाहिनीतला जिवाणू दिसत नाही, क्राऊन गॉलचा जिवाणू तर गाठ येईपर्यंत वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. प्रयोगशाळेची चाचणीही घेतलेल्या नमुन्यापुरतीच खरी (प्रश्न ११). झाड फुटलं, पानं जून झाली, एकदा छाटणी होऊन पुन्हा फूट आली, की मग लपलेलं बाहेर येतं. फळझाडांचा क्वारंटाइन म्हणूनच वाढीच्या हंगामात मोजायचा. नेमकी मुदत परवान्यात लिहिलेली असते. या काळात विक्री नाही, वाटप नाही, डोळे काढून दुसरीकडे कलम करणं नाही. शेवटचं सर्वांत जास्त मोडलं जातं आणि नुकसानही त्यानंच सर्वांत जास्त होतं. एका काडीवर चार-पाच डोळे असतात. कलमांच्या एका हंगामात एक रोगट झाड पाच बागांत पोचतं.

९. क्वारंटाइनची जागा कशी असावी?

प्रमाणित करणारे अधिकारी आदेशातच नेमलेले आहेत, त्यात कृषी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ असतात. त्यांची अट अंतिम. व्यवहारात एवढं लागतंच:

- ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी. साधी हिरवी शेडनेट चालत नाही, त्यातून पांढरी माशी सहज जाते. ५० मेशमधूनही फुलकिडे शिरू शकतात, म्हणून आत निळे आणि पिवळे दोन्ही चिकट सापळे हवेत.
- दोन दारं, मध्ये माणूस उभा राहील एवढी खोली. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
- दारात चपला बुडवायचं पात्र, आतले वेगळे गमबूट, वेगळा डगला.
- जमिनीवर काँक्रीट किंवा जाड वीडमॅट, आणि रोपं कुंड्यांत किंवा पिशव्यांत, उंचावर.
- पाण्याचा निचरा शोषखड्ड्यात. नाल्यात किंवा शेजारच्या बागेच्या पाटात नाही.
- आतली कात्री आतच. दोन झाडांच्या मधे ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. हायपोक्लोराइट वापरत असाल तर बाजारातल्या ४-५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग. पण त्यानं पातं गंजतं, नंतर धुऊन पुसा.

जागा आपल्या मुख्य बागेपासून जितकी दूर तितकी बरी. जाळीला भोक पडलंय का ते दर आठवड्याला, आणि वाऱ्या-पावसानंतर त्याच दिवशी पाहा. जाळी बहुतेक वेळा खालच्या कडेला फाटते, जिथे तारा घासतात.

१०. पेटी आल्यावर आपण स्वतः काय तपासायचं?

पेटी जाळीच्या आतच उघडा, पांढऱ्या प्लास्टिकवर. १० पट मोठं दाखवणारं भिंग हातात हवं. आधी पेटीचा तळ पाहा: भुसा, विष्ठा, मेलेले कीटक, अळीचं कोष. मग रोप पांढऱ्या कागदावर आपटा आणि काही हलतंय का बघा. डोळ्यांच्या खाचा, सालीच्या चिरा आणि कलमाचा जोड या तीन ठिकाणी पिठ्या ढेकूण आणि खवले लपतात. शंका आल्यास नखानं खरवडा. साल असेल तर साधी निघते, खवला असेल तर खाली ओलं किंवा पिवळसर काही दिसतं.

मुळं पाण्याच्या बादलीत हलवून पाहा. गाठी, काळी कूज, सुजलेली टोकं. दर गठ्ठ्यातली एखादी काडी आडवी कापा. लाकडात तपकिरी-काळे ठिपके किंवा पट्टे दिसले तर खोडाच्या बुरशीचा संशय; हे ठिपके नर्सरीतून येणाऱ्या कलमांत बरेचदा सापडतात आणि झाड तीन-चार वर्षांनी ऐन उत्पादनात वाळतं. पॅकिंगचा सगळा कचरा त्याच दिवशी जाळा किंवा खोल पुरा. प्रत्येक रोपाला क्रमांकाचा टॅग लावा. टॅग नसेल तर पुढे कोणतं झाड कोणत्या गठ्ठ्यातलं हे कुणीच सांगू शकत नाही.

११. हजार रोपं आहेत. किती तपासली म्हणजे पुरे?

‘दहा टक्के’ हा रूढ आकडा आहे, पण तो फसवा आहे. किती तपासायची हे किती कमी प्रमाणातला रोग पकडायचा यावर ठरतं. मोठ्या खेपेत ५ टक्के रोपं बाधित असतील तर ९५ टक्के खात्रीनं किमान एक सापडायला सुमारे ५९ रोपं पाहावी लागतात. बाधा १ टक्काच असेल तर सुमारे ३००. खेप लहान असेल तर आकडा थोडा उतरतो: २०० रोपांत ५ टक्के बाधा पकडायला ५१, १०० रोपांत ४५. म्हणजे १०० रोपांतून १० पाहून ‘स्वच्छ’ म्हणणं याला फारसा आधार नाही. हे आकडेही तेव्हाच खरे, जेव्हा रोपं सगळ्या पेट्यांतून, वरून-खालून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि बाधित रोप हातात आल्यावर ते ओळखता आलं. शंभर-दोनशे रोपं असतील तर मोजत बसू नका, सगळीच पाहा.

१२. वर्षभरात कधी काय बघायचं?

पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. द्राक्षापुरतं बोलायचं तर फूट आल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यात पंखपान विषाणूची लक्षणं पाहा: वेडीवाकडी पानं, पिवळे डाग, आखूड पेरी, एकाच ठिकाणी दोन डोळे. हवा तापली की ही लक्षणं दबतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये शोधून उपयोग नाही. लीफरोल याच्या उलट. पानं जून झाल्यावर, छाटणीनंतर साडेतीन-चार महिन्यांनी, बुडाकडच्या पानांपासून सुरू होतो. रंगीत वाणांत शिरा हिरव्या राहून मधली जागा लाल होते आणि कडा खाली वळतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पांढऱ्या वाणांत लीफरोल जेमतेम दिसतो, आणि अमेरिकी खुंटांवर सहसा दिसतच नाही. डॉगरिजच्या आयात काड्या वर्षभर हिरव्यागार राहिल्या तरी त्या विषाणूमुक्त आहेत असं ठरत नाही. खुंटासाठी डोळ्यांवर विसंबू नका, चाचणीच करा.

पावसाळ्यात जमिनीलगत आणि कलमाच्या जोडावर क्राऊन गॉलच्या गाठी पाहा. चिकट सापळे दर आठवड्याला बदला आणि जुने तारीख टाकून ठेवा. नोंदवहीत ‘काही नाही’ हेही लिहा. तीन महिने रिकामी वही अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही.

१३. मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या. हा तो परदेशी पिअर्सचा रोग तर नाही?

नाशिकच्या उन्हाळ्यात कडा करपण्याची साधी कारणं आधी तपासा. क्षारयुक्त पाणी आणि पालाशाची कमतरता यांत करपणं ओळीतल्या जवळपास सगळ्या झाडांवर, जून पानांवर, कडेनं एकसारखं येतं. देठ परीक्षण आणि पाण्याची तपासणी केली की उलगडा होतो.

पिअर्सचा रोग झायलेला फास्टिडिओसा या जिवाणूमुळे होतो. तो काष्ठवाहिनीत वाढून पाणी अडवतो. त्यात करपणं एखाद्या-दुसऱ्या झाडापासून सुरू होतं, वेडंवाकडं असतं आणि करपलेल्या व हिरव्या भागाच्या मधे पिवळा किंवा लाल पट्टा राहतो. पान गळतं पण देठ काडीलाच चिकटून राहतो, काडेपेटीतल्या काडीसारखा. आणि काडी सारखी पिकत नाही, तपकिरी सालीत हिरवे ठिगळ राहतात. देठ आणि हिरवी ठिगळं दोन्ही एकत्र दिसली तर थांबू नका, प्रश्न २१ प्रमाणे करा. हा जिवाणू काष्ठवाहिनीतला रस पिणारे तुडतुडे आणि फेसकिडे पसरवतात. २०१३ मध्ये तो दक्षिण इटलीतल्या ऑलिव्हवर सापडला आणि तिथले जुने बगीचे वाळले. झाड बरं करणारं औषध उपलब्ध नाही.

१४. काड्या गरम पाण्यातून काढल्या किंवा कडक फवारणी केली, तर क्वारंटाइन टळेल का?

टळत नाही. सुप्त द्राक्षकाडीसाठी ५० अंश सेल्सिअसला ४५ मिनिटं ही मान्य प्रक्रिया आहे आणि ती फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखे सूक्ष्मजीव), झायलेला यांवर चालते. विषाणूंवर चालत नाही. घरच्या ड्रममध्ये करू नका. एक-दोन अंश वर गेलं तर डोळे मरतात, खाली राहिलं तर रोग राहतो, आणि काडी पूर्ण सुप्त नसेल तर बरोबर तापमानालाही फूट कमी येते. फवारणीचं उलट नुकसान असं की ती लक्षणं झाकते. क्वारंटाइनमधल्या रोपांवर जे काही माराल ते वहीत तारखेसह लिहा.

१५. टिश्यू कल्चरची रोपं असली तर?

विषाणूमुक्त असल्याचं अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या टिश्यू कल्चर रोपांना आयातीनंतरच्या क्वारंटाइनमधून सूट मिळते. परवाना, फायटो आणि विमानतळावरची तपासणी यांतून नाही. ‘बाटलीतलं म्हणजे निर्जंतुक’ हा समज अर्धाच खरा. बुरशी आणि कीटक बाटलीत दिसून येतात, विषाणू मात्र मातृझाडातून पेशींबरोबर येतो आणि बाटलीत छान वाढतो.

१६. मुलगा परदेशातून येताना बॅगेत चार काड्या आणणार आहे. एवढ्याशा काड्यांनी काय होतं?

बॅग, टपाल आणि कुरिअर यांनाही आदेश तसाच लागू आहे. लागवडीच्या साहित्याला ‘वैयक्तिक वापर’ ही पळवाट नाही आणि परवान्याशिवायचा माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली जप्त होतो. रोग पसरायला चार काड्या पुरतात, एक पुरते. ऑनलाइन साइटवरून थेट परदेशातून येणाऱ्या ‘दुर्मीळ रोपां’चंही तेच. न मागवलेलं बियाण्याचं पाकीट घरी आलं तर पेरू नका, कचऱ्यात टाकू नका, बंद ठेवून कृषी विभागाला द्या; २०२० मध्ये अशा पाकिटांबद्दल केंद्र सरकारला सूचना काढावी लागली होती.

१७. अशा काड्या आधीच आणून कलम करून झाल्या आहेत. आता काय करावं?

हा प्रश्न विचारणाऱ्यानं लाजू नये. लपवणं जास्त महागात पडतं. त्या झाडांवरून डोळे देणं आजपासून बंद करा, कुणाला दिले असतील त्यांची यादी करा आणि त्यांना सांगा. कलम केलेली झाडं आणि त्यांच्या चारही बाजूंची दोन-दोन झाडं यांना पक्के टॅग लावा. छाटणी या झाडांची सर्वांत शेवटी करा, कात्री वेगळी ठेवा, पिठ्या ढेकूण जोमानं आवरा, कारण लीफरोल तोच पसरवतो. मग मांजरी, पुणे इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी किंवा कृषी अधिकाऱ्यांशी बोलून चाचणी करा. चाचणीत बाधा आली तर झाड मुळासकट काढावं लागतं. फक्त वरचं कलम कापून खुंट ठेवला तर विषाणू खुंटात राहतोच.

१८. यंत्रं लाकडी पॅलेटवर येतात, वायनरीला ओकचे बॅरल येतात. त्यांनाही हे लागू आहे?

पॅलेटला आहे. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का लागतो: देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरं. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंशांना सलग ३० मिनिटं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. प्लायवूड आणि ६ मिलिमीटरपर्यंतची पातळ फळी यातून वगळलेली आहे. शिक्का असूनही साल राहिलेली असेल तर पाहा: ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी चालते, त्याहून रुंद असेल तर तुकडा ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवा. भोकं आणि ताजा भुसा दिसला तर पॅलेट पॅकहाऊसमागे रचून ठेवू नका. लांब शिंगांचा आशियाई भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कला सापडला तो असाच पॅकिंगच्या लाकडातून पोचलेला होता.

बॅरलचं वेगळं आहे. वाइन आणि मद्याचे, बनवताना तापवलेले बॅरल या नियमातून मुक्त आहेत. पण ते ज्या फळ्यांवर आणि पाचरींवर बसवून येतात त्यांना शिक्का लागतोच, आणि कंटेनर अडतो तो बहुधा त्या पाचरींमुळे.

१९. रिसॉर्टसाठी जुनी ऑलिव्हची आणि खजुराची मोठी झाडं मागवायची आहेत.

आमचं मत स्पष्ट आहे: मागवू नका. जुन्या झाडाचं खोड आतून तपासता येत नाही, मुळातली माती पूर्ण निघत नाही (प्रश्न ६), आणि एवढं झाड जाळीत ठेवून क्वारंटाइन करणं जवळपास अशक्य. झायलेलाचा धोका ऑलिव्हबरोबर सर्वांत आधी येतो. बाजारात ‘आयात केलेलं’ म्हणून विकलं जाणारं झाड घेत असाल तर परवाना, फायटो आणि क्वारंटाइन संपल्याचं पत्र, तिन्हींच्या प्रती मागा. दाखवली नाहीत तर झाड घेऊ नका.

२०. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून किंवा दुसऱ्या राज्यातून ट्रकनं येणाऱ्या झाडांना यातलं काही लागू आहे का?

आयातीचा आदेश लागू नाही, धोका लागू आहे. मातीच्या गोळ्यातून सूत्रकृमी आणि आफ्रिकन शंखी गोगलगाय येते, नारळ-पामच्या पानांखालून सर्पिल पांढरी माशी. आल्यावर झाडं १५ दिवस वेगळी ठेवा, गोळा उकरून पाहा, पानांची खालची बाजू पाहा. फळझाडांची रोपं महाराष्ट्राच्या १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या, बिलावर वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. डाळिंबाची गुटी घेताना मातृबाग स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

२१. संशय आला. कुणाला सांगायचं, नमुना कसा पाठवायचा?

क्वारंटाइनमधलं झाड असेल तर ज्या अधिकाऱ्यानं जागा प्रमाणित केली त्याला. बाहेरचं असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याला. लेखी द्या, पोच घ्या. तोवर झाड उपटू नका. उपटताना माती आणि कीटक दोन्ही पसरतात आणि पुरावा जातो. त्याच्यावर जाळी किंवा पिशवी चढवा, त्या ओळीतलं काम थांबवा.

नमुन्यासाठी रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरची पानं देठासकट घ्या. पूर्ण वाळलेल्या पानातून काही निघत नाही. कोरड्या टिश्यूत गुंडाळून दोन पिशव्यांत बंद करा. ओलं फडकं गुंडाळलं तर वाटेत कुजतं. कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये, चिठ्ठीवर पेन्सिलनं टॅग क्रमांक आणि तारीख, कारण शाई विरघळते. मित्राच्या गाडीतून, उघड्या पिशवीत, चार बागा फिरत नमुना नेऊ नका.

२२. तो रोग आपल्याकडे आधीच असेल तर मग अडवतात कशाला?

दोन कारणं. रोग देशात असला तरी सगळीकडे पसरलेला नसेल आणि त्याच्यावर सरकारी नियंत्रण चालू असेल, तर तो क्वारंटाइनचाच रोग मानला जातो. दुसरं, नाव एक असलं तरी उपप्रकार वेगळा असू शकतो. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षाचे रोग आपल्याकडे आहेतच, पण आपल्या हातातली बुरशीनाशकं न जुमानणारी जात बाहेरून आली तर ऑक्टोबर छाटणीनंतरचं सगळं वेळापत्रक कोसळेल.

२३. माल नष्ट करायला लागला तर भरपाई मिळते का?

नष्ट करण्याचा, परत पाठवण्याचा आणि धुरीचा खर्च आयातदाराचा. म्हणून संरक्षण करारात घ्या: रकमेचा काही भाग क्वारंटाइन संपेपर्यंत राखून ठेवायचा, कागदातल्या चुकीमुळे माल अडला तर जबाबदारी पुरवठादाराची, आणि मातृझाडांच्या विषाणू चाचणीचे अहवाल गठ्ठ्यानुसार द्यायचे. मालवाहतुकीच्या विम्यात सरकारी आदेशानं झालेला नाश धरलेला आहे का ते पॉलिसी घेण्याआधी विचारा.

२४. क्वारंटाइन संपल्याचं पत्र मिळालं. आता सगळी रोपं एकदम लावायची का?

लावता येतात, पण एका वेगळ्या तुकड्यात, टॅग न काढता, आणि शक्यतो मातृझाड म्हणून लगेच न वापरता. पहिलं पीक निघेपर्यंत दोन्ही छाटण्यांनंतर प्रश्न १२ मधली पाहणी चालू ठेवा. जाळीतली थोडी रोपं तशीच राखून ठेवा. बाहेरच्या झाडावर पुढे काही दिसलं, तर ते रोपाबरोबर आलं की इथल्या बागेतून लागलं, हे त्या राखून ठेवलेल्या रोपांवरूनच कळतं.